जुनं ६५० किलोचं लेथ घरच्या वर्कशॉपात: घेताना काय तपासावं, आणि आत न्यावं कसं?

नवा_कातारी
समोर आलेलं लेथ (धातू कातायचं यंत्र) असं आहे: सेंटर उंची (बेडपासून फिरण्याच्या अक्षापर्यंत) १७० मिमी, दोन सेंटरमधलं अंतर १००० मिमी, गॅप बेड (मोठ्या व्यासाचं काम फिरावं म्हणून खाच असलेला लांब पाया), वजन पाटीवर ६५० किलो. मोटर २ एचपी, थ्री फेज. खोली तळमजल्यावर, खाली काँक्रीट. दार ९०० मिमी रुंद, दाराआधी १५० मिमीच्या दोन पायऱ्या, आणि आत शिरल्याबरोबर उजवीकडे वळण. घरात वीज सिंगल फेज.

प्रश्न तीन. बघायला गेल्यावर अर्ध्या-पाऊण तासात काय तपासावं? अख्खं न्यावं की खोलून? थ्री फेज मोटरचं काय करावं?
"त्यापेक्षा ४० किलोचं नवं मिनी लेथ घ्या" हे कानावर आलेलं आहे. तेच म्हणायचं असेल तर कारणासकट म्हणा.

बिडाचा_ठोकळा
पहिल्या प्रश्नाचं उत्तर. डायल गेज (मिमीचा शंभरावा भाग दाखवणारं मापक), मॅग्नेटिक स्टँड, टॉर्च, चिंध्या आणि दोनेक फूट लांब लाकडी दांडा बरोबर न्या.

वीज बंद ठेवून सुरुवात करा. बॅक गिअरसकट (वेग कमी करून जोर वाढवणारा) प्रत्येक गिअर टाका आणि स्पिंडल (काम धरून फिरणारा मुख्य दांडा) हाताने फिरवा. नुसता एक फेरा पुरत नाही, साखळीतलं सगळ्यात मोठं चाक पूर्ण फिरलं पाहिजे. तुटलेला दात हाताला 'टक' असा लागतो. चालू मशीनच्या आवाजात तो लपतो.

मग बेडची झीज. झीज कायम चकच्या (काम पकडणाऱ्या जबड्यांच्या) बाजूला जास्त, कारण बहुतेक काम तिथेच होतं. कॅरेज (टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग) चकजवळ आणा, हाफनट (कॅरेजला आटे पाडायच्या स्क्रूशी जोडणारा) सोडा, कॅरेजचं लॉक असं आवळा की हँडव्हील जेमतेम फिरेल. आता टेलस्टॉककडे (चकसमोरच्या टोकाच्या आधाराकडे) चालवा. थोडं जड झालं तर चालेल. मध्येच गच्च अडकलं तर बेड चकपाशी खाल्लेला आहे. टेलस्टॉकच्या टोकाला, जिथे कॅरेज कधी जात नाही, तिथून बेडवर आडवं नख फिरवा. पायरी लागली तर किती लागते ते मनात ठेवा.

स्पिंडल: डायल गेजचा स्टँड बेडवर, टोक स्पिंडलच्या नाकावर वरून. चकमध्ये दांडा धरून वर उचला. काटा ०.०२-०.०३ मिमी हलला तर ठीक. ०.०५ च्या वर गेला तर बेअरिंग आवळून सुधारतं का ते विचारावं लागेल. चकवर गेज लावून "स्पिंडल डगमगतंय" म्हणू नका, तो दोष चकचाही असतो. स्पिंडलच्या आतल्या टेपरवर लावा.

शेवटी वरच्या वेगावर १५-२० मिनिटं चालवा आणि बंद करून पुढच्या बेअरिंगच्या घरावर हात ठेवा. हात ठेवता येतो इतपत गरम चालतं.

मायक्रोमीटर
+१. त्यात भर: क्रॉस स्लाइडच्या (टूल आडवं सरकवणाऱ्या भागाच्या) हँडलला पाव फेरा प्ले (मोकळी हालचाल) दिसला की लोक मशीन नाकारतात. गरज नाही. नट बदलता येतो, बऱ्याच मशीनवर आवळताही येतो. फक्त प्ले मधोमध एकदा आणि टोकाला एकदा मोजा. दोन्हीकडे सारखा असेल तर नट गेलाय. मध्ये जास्त आणि टोकाला कमी असेल तर स्क्रूही गेलाय. लीड स्क्रूचंही (आटे पाडताना कॅरेज ओढणारा लांब स्क्रू) तसंच: चकजवळचे आटे टेलस्टॉककडच्या आट्यांपेक्षा टोकदार दिसले की समजा.

आटेवाला
मशीनइतकंच मशीनबरोबरच्या पेटीकडे बघा. चार जबड्यांचा चक, फेसप्लेट (काम बोल्टने धरायची चकती), स्टेडी (लांब कामाला मध्ये आधार), चेंज गिअर (आट्यांचं माप बदलायची चाकं), तीन जबड्यांच्या चकचे उलटे जबडे. हे सुटं गोळा करायला गेलात तर खर्च लेथच्या जवळ जातो. चेंज गिअर तर त्याच मॉड्यूलचे (दातांच्या मापाचे) आणि त्याच भोकाचे मिळणं नशिबावर.

लीड स्क्रू इंची असेल तर १२७ दातांचं चाक आहे का बघा. २५.४ ला ५ ने गुणलं की १२७, म्हणून अचूक मेट्रिक आटे पाडायला तेच लागतं. १२७ हा मूळ संख्या असल्याने दुसऱ्या छोट्या चाकांच्या जोडीतून तो येत नाही.

स्पिंडलचं नाक आट्यांचं आहे की कॅमलॉक (खुंट्या फिरवून चक पक्का धरणारं), हेही बघून ठेवा. पुढे मोटरच्या चर्चेत लागेल.

छोटंच_बरं
आता ४० किलोवाल्यांची बाजू. दोन माणसं उचलून टेबलावर ठेवतात, साध्या प्लगवर चालतं, आणि बुशिंग, पिना, छोटे शाफ्ट असलीच कामं असतील तर पुरतं. ६५० किलोचं मशीन घेऊन वर्षभर त्यावर नुसते वॉशर बनवणारे कमी नाहीत. काय बनवायचंय ते धागाकर्त्यांनी सांगितलेलंच नाही!

बिडाचा_ठोकळा
@छोटंच_बरं, मुद्दा मान्य, पण वजन उगाच नसतं. बेडच्या आडव्या छेदाची उंची दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो. छोट्या लेथवर ३० मिमीच्या लोखंडी बारवर एका फेरीत अर्धा मिमी खोल घेतलं की टूल थरथरायला लागतं, आणि पार्टिंग (बार कापून वेगळा करणं) म्हणजे तर रोजची परीक्षा. बिडाचं वजन ती थरथर गिळतं.

नवा_कातारी
काम: ५० ते १०० मिमी व्यासाच्या पुली, फ्लँज, शाफ्ट. मुख्यतः लोखंड आणि बीड.

छोटंच_बरं
मग माझा सल्ला मागे. १०० मिमीची बिडाची फ्लँज मिनी लेथवर होते, पण संध्याकाळ जाते.

पाचर
दुसरा प्रश्न. मशीन बघायला जाण्याआधी वाट मोजा: दार, वळण, पायऱ्या, छताची उंची, आणि विकणाऱ्याच्या दाराचीही रुंदी. घेतल्यावर मोजणारे पुष्कळ.

लेथ उंच आणि अरुंद. पाया समोरून मागे जेमतेम ४००-४५० मिमी, उंची १२०० च्या आसपास, आणि वजन वर. पुढे किंवा मागे कलंडणं हाच मुख्य धोका. लांबीचा विचार केला तर निम्म्याहून बरंच जास्त वजन हेडस्टॉकच्या (स्पिंडल आणि गिअरच्या पेटीच्या) बाजूला असतं. म्हणून उचलण्याआधी टेलस्टॉक आणि कॅरेज पार उजव्या टोकाला नेऊन लॉक करा.

पट्टे बेडखालून घ्या, लीड स्क्रू आणि फीड रॉडच्या (कॅरेज आपोआप चालवणाऱ्या दांड्याच्या) आतून. पट्टा त्यांच्यावर घासून आवळला गेला तर ते वाकतात आणि पुन्हा पूर्ण सरळ होत नाहीत. कडेवर लाकूड किंवा जुना रबरी पट्टा द्या. कोनाकडे लक्ष: पट्टे जमिनीशी ६० अंशांत असतील तर प्रत्येकावर वजनाच्या सुमारे ५८ टक्के ताण येतो, म्हणजे ६५० किलोला सुमारे ३७५. तेच ३० अंशांवर आले की प्रत्येक पट्ट्यावर पूर्ण ६५०. 'एक टनाचे पट्टे आहेत' एवढ्याने भागत नाही.

गाडीचं इंजिन काढायच्या घडीच्या क्रेनचा मोह टाळा. तिच्यावर '२ टन' लिहिलेलं असतं ते दांडा पूर्ण आखडलेला असताना. दांडा पूर्ण बाहेर काढला की बहुतेकांची क्षमता ५०० किलोवर येते, आणि क्रेनचे पाय लेथच्या पायांना अडत असल्याने दांडा बाहेर काढावाच लागतो.

म्हणून जमिनीलगतची पद्धत बरी. १०० × १०० मिमीची दोन लाकडं लेथच्या लांबीपेक्षा थोडी मोठी घ्या, लेथच्या पायांच्या भोकांतून बोल्टने पक्की करा, त्यांना आडवी लाकडं जोडून पाया रुंद करा. दार ९०० चं, म्हणून ही स्लेज ८०० च्या आत. मशीन उचलायला पहार: दीड मीटरची पहार टोकापासून ७५ मिमीवर टेकवली तर १ ला १९ मिळतात, ४०० किलोची बाजू वीसेक किलोच्या दाबाने उचलली जाते. दर वेळी २०-२५ मिमीच उचला आणि लगेच खाली ठोकळा सरकवा. हात ठोकळ्याच्या बाजूला धरायचा, खाली कधीच नाही. एक टोक खूप वर आणि दुसरं जमिनीवर, असं करू नका. आळीपाळीने चढवा.

सपाटीवर खाली जाड पाइपचे किंवा भरीव सळीचे २५ मिमीचे रोलर. तीन कायम खाली, चौथा पुढे टाकायला. मोठे रोलर सोपे पळतात, पण निसटले तर मशीन तेवढ्याच उंचीवरून आदळतं.

घण_ऐरण
एवढं सगळं? चार दणकट माणसं आणि एक आरोळी.

पाचर
६५० भागिले चार म्हणजे माणशी १६० च्या वर, आणि हेडस्टॉककडच्या दोघांना २०० च्या पुढे. आरोळी ऐकू येईल, नक्कीच.

कानसकर
अख्खं नेण्याशी असहमत. खोला. २०० मिमीचा चक साधारण १५ किलो, टेलस्टॉक त्याहून जड, मोटर २०-२५, शिवाय कंपाउंड (क्रॉस स्लाइडवरची छोटी सरकपट्टी), टूल पोस्ट (टूल धरायचा ठोकळा), मागचा पत्रा, गिअरचं झाकण. हे सगळं काढलं की १०० किलोच्या आसपास उतरतात, तेही बहुतेक वरचे आणि मागचे, म्हणजे कलंडण्याची भीतीही कमी होते. एप्रन आणि सॅडल (कॅरेजचे पुढचा आणि वरचा भाग) काढता आले तर आणखी. मग बेड-हेडस्टॉक वेगळा न्या, पाय वेगळे.

चक काढताना बेडवर आडवी फळी ठेवा. चक सुटला की एक तर बोटं जातात नाही तर बेडला खड्डा पडतो.

मायक्रोमीटर
इतपत ठीक. पण कोणी उत्साहाने हेडस्टॉक बेडवरून काढू नये! काही लेथवर हेडस्टॉक बेडच्याच व्ही वर बसतो, तो परत त्याच जागी येतो. बाकीच्यांवर तो सपाट तळावर बसवून सेट स्क्रूने सरळ केलेला असतो, तो काढला की स्पिंडल पुन्हा बेडला समांतर करण्यात दिवस जातात. कुठला प्रकार आहे ते खात्रीने माहीत नसेल तर हात लावू नका.

कानसकर
बरोबर, हेडस्टॉक मी सोडलाच होता. शिम मात्र सांभाळा: मोटरखाली, पायांखाली सापडलेली प्रत्येक पत्र्याची पट्टी कुठून निघाली ते लिहून पिशवीत. खोलताना प्रत्येक टप्प्याला फोटो, वायरिंगचे जास्तच.

ट्रकवाला_तिरका
वाहतुकीचं राहिलं. मशीन गाडीच्या पुढच्या भिंतीला टेकवून ठेवा, मध्ये लाकूड. युरोपात माल बांधण्याचे नियम पुढच्या दिशेला वजनाच्या ०.८ पट आणि बाजूंना व मागे ०.५ पट जोर धरतात. ६५० किलोला ब्रेक मारताना ५२० किलोचा धक्का. म्हणून नुसते वरून खाली ओढणारे पट्टे पुरत नाहीत. स्लेजच्या चारही बाजूंना गाडीच्या तळाला ठोकळे ठोका, आणि बेडपासून चार कोपऱ्यांकडे तिरके पट्टे. हँडव्हील, लीव्हर, चक यांना काहीही बांधू नका. पाच-दहा किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा आवळा, लाकूड दबून ते सैल झालेले असतात.

बेडवर तेलाचा जाड हात आणि वर ताडपत्री. रस्त्यात भिजलं तर घरी पोचेपर्यंत गंजाचा पहिला लालसर थर आलेला असतो.

तीनफेज
तिसरा प्रश्न. नवी मोटर घेण्याआधी जुन्या मोटरची पाटी वाचा. '२३०/४०० डेल्टा/स्टार' (वाइंडिंग जोडायच्या दोन पद्धती) असेल तर काम सोपं: टर्मिनलच्या पट्ट्या स्टारवरून डेल्टावर आणा आणि सिंगल फेज आत, थ्री फेज २३० बाहेर अशी व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) लावा. पाटीवर नुसतं '४०० स्टार' असेल आणि बाहेर तीनच वायरी असतील तर स्टारची गाठ आत वाइंडिंगमध्ये पुरलेली असते. चांगला वाइंडर ती बाहेर काढून सहा टोकं देतो. '४०० डेल्टा' असेल तर साध्या व्हीएफडीने पूर्ण ताकद मिळणार नाही, तिथे मोटर बदलणं बरं.

२ एचपी म्हणजे १.५ किलोवॅट. व्हीएफडी २.२ ची घ्या. पूर्ण भाराला सिंगल फेजकडून १५ अँपियरच्या आसपास ओढेल, तेव्हा स्वतंत्र लाइन आणि जाड वायर.

लोक चुकतात ते इथे:
व्हीएफडी ते मोटर वायर थेट. मध्ये जुना स्टार्टर किंवा फॉरवर्ड-रिव्हर्स ड्रम ठेवून चालू मोटर तोडली की व्हीएफडी जाते. ड्रम ठेवायचाच तर त्याच्यातून फक्त व्हीएफडीला जाणाऱ्या सिग्नलच्या वायरी न्या.
वीज जाऊन परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सेटिंग बंद करा.
२० हर्ट्झच्या खाली फार वेळ चालवू नका. पंखा मोटरच्याच शाफ्टवर असतो, तोही मंदावतो. जोर हवा असेल तर बॅक गिअर टाका, तो त्यासाठीच आहे.
वीज काढल्यावरही आतले कपॅसिटर काही मिनिटं भरलेले असतात. दहा मिनिटं थांबून मगच झाकण उघडा.

आटेवाला
आणि आता ते स्पिंडलचं नाक. आट्यांचं असेल तर व्हीएफडीतला ब्रेकचा वेळ कमी ठेवू नका, तीन-पाच सेकंदांत थांबू द्या. स्पिंडल झटक्यात थांबलं तरी जड चक फिरतच राहतो आणि स्वतःला उघडून बेडवर येतो. उलट फिरवून जड कट घेणंही त्याच कारणाने बंद. कॅमलॉकला ही भीती नाही.

घण_ऐरण
अवांतर: घरी सांगताना वजन सांगू नका. 'एक छोटं मशीन येतंय' एवढंच. पहार आणि रोलर दिसले की पुढचं त्यांना कळेलच.

तेलकट_हात
पोचल्यावर लगेच चालू करू नका. कॉम्प्रेसरची हवा मारून साफ करू नका, बारीक चिपा सॅडलखाली आणि बेअरिंगमध्ये घुसतात. ब्रश, रॉकेल, चिंधी. बेडवर पॉलिश पेपर फिरवू नका. गंज असेल तर तेल टाकून बोथट पात्याने, धार चपटी धरून खरवडा.

हेडस्टॉकचं तेल काढून टाका आणि तळाला काय साठलंय ते बोटाने बघा. काळा चिखल चालतो, पितळी चकाकी असेल तर कुठलं तरी बुश झिजतंय. बेडवर व्हीजी ६८ (तेलाच्या घट्टपणाचा आकडा) चं स्लाइडवे तेल. हेडस्टॉकला पाटीवर लिहिलेलं, बहुतेक ३२ किंवा ४६. निपल (तेल किंवा ग्रीस भरायचं टोक) दिसला की ग्रीसगन लावायची सवय मोडा: जुन्या लेथवर बरेच निपल तेलाचे असतात. ग्रीस गेलं की वाट बुजते, आणि पुढे तेल कितीही टाकलं तरी पोचत नाही.

घण_ऐरण
गाडीच्या इंजिनचं तेल काय वाईट?

तेलकट_हात
त्यातला डिटर्जंट घाण तरंगत ठेवतो, कारण इंजिनात ती फिल्टरकडे न्यायची असते. लेथच्या हेडस्टॉकला बहुधा फिल्टर नसतो. तिथे घाण तळाला बसलेली बरी.

कानसकर
हे जरा ताणलेलं आहे. काहीच नसण्यापेक्षा इंजिनचं तेल शंभर पट बरं. कोरडा बेड कुठल्याही डिटर्जंटपेक्षा लवकर जातो.

तेलकट_हात
कोरड्यापेक्षा बरं, हे मान्य. ग्रीसबद्दल मात्र माघार नाही.

मायक्रोमीटर
बसवताना: ०.०२ मिमी प्रति मीटरची लेव्हल असेल तर बेडवर आडवी ठेवून दोन्ही टोकांना वाचा. बुडबुडा दोन्हीकडे एकाच जागी हवा. मशीन जगाशी समपातळीत असण्यापेक्षा बेडला पीळ नसणं महत्त्वाचं.

लेव्हल नसेल तर मशीनलाच विचारा. २५-३० मिमीचा बार चकमध्ये, टेलस्टॉकचा आधार न देता, साधारण १५० मिमी बाहेर. मधला भाग बारीक करून दोन टोकांना दोन कॉलर ठेवा, आणि दोन्हींवर एकाच सेटिंगने अगदी हलका शेवटचा कट. बाहेरची कॉलर मोठी आली तर टेलस्टॉककडचा पुढचा पाय, म्हणजे तुमच्या बाजूचा, किंचित उचला. लहान आली तर मागचा. एका वेळी ०.१ मिमीची शिम, पुन्हा कट. जमलं की आठवड्याने परत तपासा, लाकूड आणि पाय बसत जातात.

नवा_कातारी
सगळ्यांचे आभार, वाखुसा (वाचनखूण साठवली). ठरलं असं: चक, टेलस्टॉक, कंपाउंड, मागचा पत्रा आणि मोटर काढून, बाकी बेड-हेडस्टॉक-पाय एकत्र, स्लेजवर. आता पायऱ्या आणि वळण.

पाचर
पायऱ्या ३०० मिमी चढायच्या. १ ला ६ चा उतार म्हणजे फळ्यांची पायाची लांबी १८०० मिमी. वजन ५५० धरलं तर उताराची ओढ ९०-९५ किलो, वर घर्षण. एक टनाचा लीव्हर होइस्ट (दांडा हलवून साखळी ओढायचं साधन) आरामात पुरतो. फळीखाली मधोमध टेका द्या, नाहीतर ती लवते आणि रोलर त्या खळग्यात बसतात. उतारावर रोलर टाळून फळीवर साबण लावून स्लेज घसरवणं जास्त सुरक्षित, ओढ वाढते पण पळून जात नाही.

होइस्ट अडकवायला जागा: आतून दाराच्या चौकटीला आडवं, दोन्ही बाजूंच्या भिंतीवर चांगलं टेकेल असं लांब जाड लाकूड. होइस्ट त्याच्या मध्याला. चौकटीच्या बिजागरीला किंवा ग्रिलला नाही. ओढताना उताराच्या खालच्या बाजूला कोणीही उभं राहायचं नाही, 'जरा हात देतो' म्हणणाराही नाही.

वळणासाठी पुठ्ठ्यातून स्लेजचा नेमका आकार कापा आणि तो जमिनीवर सरकवत दारातून वळवून बघा. रोलरवर वळायला रोलर पंख्यासारखे तिरके टाका, हातोडीने थोडे थोडे फिरवत.

नवा_कातारी
पुठ्ठा कापला, १९०० × ८००. दारातून जातो, वळताना मागचा कोपरा उघड्या दाराच्या फळीला अडतो. तीसेक मिमी कमी पडतात.

कानसकर
दार बिजागरीतून उतरवा. फळीची जाडीच तेवढी असते. नाहीच भागलं तर आडव्या लाकडांचे मागचे कोपरे तिरके कापा, बोल्टच्या आत येऊ नका.

नवा_कातारी
दार उतरवून पुठ्ठा वळला, दहा मिमी शिल्लक.

पाचर
दहात हाताचं बोट मावत नाही. त्या बाजूला कोणी हात घालणार नाही एवढं आधी ठरवा, मग ओढा. आणि कॅरेजचं हँडव्हील काढलंत ना? पुठ्ठ्यात ते दिसत नाही.